दोन पायांची सरासरी

"सूज उतरत चाललीय, डॉक्टरबाई. सरासरीने बघाल तर एकदम समाधानकारक," असं म्हणत आबा दिघ्यांनी माझ्या टेबलावर वही उघडली.

दुपारचे साडेचार वाजले होते. ओपीडीच्या बाहेर अजून अकरा मुलं होती. त्यातली चार एका सुरात रडत होती आणि पाचव्याने नुकतंच बाकावर उलटी केल्याची बातमी नर्सने आणली होती. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून दोन गल्ल्या आत, एका नर्सिंग होममध्ये मी तेव्हा बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करत होते. केबल टीव्ही नुकता घराघरात शिरला होता आणि कॉर्डलेस फोन ही मिरवायची वस्तू होती, ते दिवस.

आबा म्हणजे रेल्वेतले निवृत्त स्टेशन मास्तर. त्यांची दहा वर्षांची नात गार्गी माझी पेशंट होती. तिला नेफ्रॉटिक सिंड्रोम झाला होता. नाव मोठं आहे, पण प्रकार सोपा. मूत्रपिंडाची चाळणी सैल होते आणि रक्तातली प्रथिनं लघवीवाटे वाहून जातात. मग अंगाला सूज येते. सकाळी डोळे सुजतात, संध्याकाळी पाय. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बहुतेक मुलं सुधारतात, पण प्रथिनं जातायत की थांबलीत हे रोज बघावं लागतं. त्यासाठी घरच्या घरी परीक्षानळीत लघवी उकळून बघायची. प्रथिनं असली तर नळीत पांढरं साकळतं.

हे काम बहुतेक पालक नाक मुरडून करतात. आबांनी ते अंगावर घेतलं. रोज सकाळी आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, बाल्कनीत स्पिरिटचा दिवा लावून ते लघवी उकळायला बसत. समोरच्या घरातल्या शर्माजींना बरेच दिवस वाटत होतं की दिघ्यांकडे नातीसाठी काही अनुष्ठान चाललंय. एकदा तर त्यांनी प्रसादाची चौकशीही केली.

आबांची वही बघण्यासारखी होती. तारीख, वजन, लघवी किती, प्रथिनं किती, आणि शेवटी पोटऱ्यांचा घेर. टेपने मोजायला मी सांगितलंच नव्हतं, ही आबांची स्वतःची भर. डाव्या पायाच्या रकान्यावर त्यांनी 'अप' लिहिलं होतं आणि उजव्याच्या 'डाउन'. त्यापुढे लाल शाईत सरासरी.

सरासरी पाच दिवसांत एकतीसवरून तीस सेंटीमीटरवर आली होती. "छान," मी म्हटलं आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवायला हात उचलला. आज तीस वर्षांनीही ते 'छान' आठवलं की मला घाम फुटतो. हात घंटीपर्यंत पोचायच्या आत माझी नजर लाल शाईवरून सरकून निळ्या शाईवर गेली.

"आबा, हे काय आहे?"

"कुठलं?"

"डावा पाय तेहतीस. उजवा सत्तावीस."

"बरोबर. सरासरी तीस."

"आबा, पायांची सरासरी काढत नाहीत."

"का?" आबांनी अगदी मनापासून विचारलं. "एक गाडी तासभर लेट असली आणि दुसरी वेळेवर, तर सरासरी अर्धा तास लेट. वरती असाच रिपोर्ट जातो."

"तो डावा पाय दुखतोय का तिचा?"

"दुखतो म्हणते जरा, चार दिवसांपासून. पण फिकर नको. मी त्याचं सगळं बरोबर करून घेतलंय. पाच वाजता पहलवान येतोय मालिशला."

आता मला खरोखर घाम फुटला. का, ते सांगते.

नेफ्रॉटिकची सूज दोन्ही पायांना सारखी येते आणि औषधाने सारखी उतरते. एकच पाय सुजत गेला, तोच दुखू लागला, की कारण वेगळं असतं. या आजारात प्रथिनांबरोबर रक्ताला पातळ ठेवणारे काही घटकही लघवीतून निघून जातात. रक्त दाट होतं. त्यात पाणी कमी पडलं आणि मूल पडून राहिलं, की पायाच्या खोल शिरेत रक्त साकळून गुठळी होऊ शकते. मुलांमध्ये हे क्वचित होतं. क्वचित होतं म्हणूनच कुणाच्या ध्यानात येत नाही, डॉक्टरांच्यासुद्धा. गुठळी शिरेत चिकटून बसली आहे तोवर आपल्या हातात वेळ असतो. पण ती सुटून वर गेली, तर हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकते, आणि मूल मिनिटांत जाऊ शकतं. आणि ती सोडवायचा उत्तम उपाय म्हणजे एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाने पोटरीपासून वर वर दाबत नेणं.

"आबा, घरी फोन लावा. मालिश करू देऊ नका म्हणून सांगा. आत्ता."

मीच फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज.

"लागणार नाही," आबा म्हणाले. "साडेचार ते पाच गार्गीच्या फोनची वेळ आहे. मैत्रिणीला काल रात्रीच्या मालिकेची स्टोरी सांगते. वेळापत्रकात आहे."

चौथ्यांदा एंगेज लागल्यावर मी फोन आदळला आणि स्कूटरची चावी उचलली. दारातच डॉ. व्यास भेटले. नर्सिंग होम त्यांचं, म्हणजे माझे बॉस. हाडांचे डॉक्टर, साठीचे, देहाने भरपूर.

"मैडम, कहाँ? बाहर ग्यारह बच्चे बैठे हैं."

"सर, क्लॉट है. लेफ्ट लेग."

"किसको?"

"गार्गी दिघे. दस साल की है."

"दस साल की बच्ची को क्लॉट नहीं होता, मैडम. होगा तो मुझे होगा."

"सर, आप दोनों को हो सकता है. आधा तास द्या मला," घाईत मी अर्धं मराठीत बोलले. व्याससाहेबांना ते कळलं, कारण उज्जैनमध्ये सगळ्यांना सगळं कळतं. ते बाजूला झाले.

आबांना मागे बसवून मी स्कूटर काढली. आयुष्यात इतकी बेफाम मी कधी चालवली नव्हती. आबांनी एका हाताने वही छातीशी धरली होती आणि दुसरा हात वळणावळणाला बाहेर काढून ते सिग्नल देत होते. अडचण एवढीच की त्यांना वळायचं असे त्या बाजूला ते सिग्नल देत, आणि मी भलत्याच गल्लीत घुसे. पुलावर एक टेम्पो बंद पडला होता आणि त्यातले महाकालच्या दर्शनाला निघालेले प्रवासी उतरून शांतपणे ढकलत होते.

"मॅडम, समोर लाइन क्लिअर नाही," आबा मागून म्हणाले.

"दिसतंय मला."

"मग थांबायचं असतं."

मी थांबले नाही. टेम्पो आणि कठडा यांच्यामधून स्कूटर काढली. आबांनी डोळे मिटले असावेत, कारण पुढची दोन वळणं सिग्नलविना गेली.

दिघ्यांचं घर देवास गेटजवळ, दुसऱ्या मजल्यावर. दारात चपलांचा ढीग होता. आबांनी घड्याळ बघितलं. "पाच वाजून सात," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. वक्तशीर माणसाला उशिराचं दुःख असतंच, पण त्या दिवशी ते त्यांच्या चेहऱ्यावर वेगळं दिसलं. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

बैठकीत पलंगावर गार्गी बसली होती. स्टेरॉइडने गाल टम्म, उशीला टेकलेली, हातात रिमोट. पायथ्याशी पितळी वाटीत कोमट केलेलं मोहरीचं तेल होतं. बाजूला सहा फुटी पहलवान, बाह्या दंडापर्यंत सरकवलेल्या. आणि त्याच्या हातात पोह्यांची बशी.

"हात लावला का पायाला?" मी ओरडले. ओरडण्याचा माझा स्वभाव नाही, पण त्या दिवशी आवाज आपोआप लागला.

पहलवान दचकून उभा राहिला. "नहीं मैडम. हाथ लगाने ही वाला था, माताजी ने पोहे रख दिए. वो ख़तम किए तो और रख दिए. ये तीसरी है."

स्वयंपाकघराच्या दारात आजी उभ्या होत्या, हातात शेवेचा डबा आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची बाटली. "घरी आलेल्या माणसाला रिकाम्या पोटी कामाला लावायचं का?" त्या म्हणाल्या. "आणि एवढ्या अंगाच्या माणसाला एका बशीने काय होतं?"

मला त्या क्षणी आजींच्या पाया पडावंसं वाटलं. पडलेही असते, पण आधी गार्गीचा पाय बघायचा होता.

डाव्या पोटरीची कातडी ताणून चकचकीत झाली होती. हाताला गरम लागत होती, आणि मांडीपर्यंत सूज होती. उजवा पाय आपला साधा, दहा वर्षांच्या मुलीचा. हलकंच दाबलं तर गार्गीने ओठ आवळले.

"श्वास घेताना दुखतं का ग? धाप लागते? खोकला?"

"नाही मावशी. फक्त पाय. तुम्ही इंजेक्शन नाही ना देणार?"

"कधीपासून दुखतोय?"

"सोमवारपासून. पण सांगितलं असतं तर तुम्ही अ‍ॅडमिट केलं असतं. तुमच्याकडे केबल नाहीये."

नाडी ठीक होती, श्वास ठीक होता. मी पलंगाच्या कडेवर बसले.

मग सगळ्यांना समजावून सांगितलं. खोलीत आजी, आबा, गार्गीचे आई-वडील, दोन काका, शर्माजी आणि पहलवान एवढी मंडळी होती. पायाच्या शिरेत रक्त साकळलंय, दाबलं तर ते सुटेल. पहलवानाला ते पटलं, पण भलत्याच दिशेने.

"तो अच्छा ही है न, मैडम. मैं नीचे से दबा के ऊपर चढ़ा दूँगा. जाम खुल जाएगा."

"और ऊपर कहाँ जाएगा?"

पहलवानाने विचार केला. स्वतःच्या पोटरीवर हात ठेवला, मांडीवरून पोटावर नेला, पोटावरून छातीवर. तिथे तो थांबला. मग त्याने तेलाची वाटी उचलली आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, कपाटावर नेऊन ठेवली.

"आता हिला हॉस्पिटलला न्यायचंय," मी म्हटलं, आणि त्या घराची खरी ओळख मला तेव्हा झाली. मी पुढे काही बोलायच्या आत दोन्ही काका वेताची खुर्ची घेऊन हजर झाले. गार्गी सराईतपणे खुर्चीत बसली. काकांनी खुर्ची उचलली, आई उशी घेऊन मागे, आजी पंखा घेऊन बाजूला. एकालाही काही सांगावं लागलं नाही. श्रावणात पालखी निघते तितका सगळ्यांचा हात बसलेला होता.

"हे रोज असं चालतं?" मी विचारलं.

"रोज," मोठे काका अभिमानाने म्हणाले. "बाथरूमला, जेवायला, बाल्कनीत. साडेतीन आठवडे झाले, पोरीने पाय जमिनीला लावलेला नाही. बिलकुल नाही."

"कुणी सांगितलं असं करायला?"

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर आबांच्या हातचं वेळापत्रक होतं, सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत. त्याच्या वर, चारी बाजूंनी लॅमिनेशन केलेली, खिळा ठोकून टांगलेली एक चिठ्ठी होती. इंग्रजीत लिहिलं होतं, कम्प्लीट बेड रेस्ट. त्याखाली, रिस्ट्रिक्ट फ्लुइड्स, म्हणजे पाणी बेताने. खाली सही माझी.

मला ती चिठ्ठी लिहिल्याचं आठवतही नव्हतं. सूज खूप होती तेव्हा पहिल्या दिवशी लिहिली असणार. पाणी थोडे दिवस बेतानेच द्यायचं असतं. पण बेड रेस्ट या आजारात लिहायची काही गरज नसते, उलट मूल हिंडतं-फिरतं राहावं. मग का लिहिलं? सवय. आम्ही डॉक्टर लोक ते शब्द पत्रावर 'सप्रेम नमस्कार' लिहावा तसे लिहितो. शंभर घरांत ते कुणी वाचतही नाही. मूल दुसऱ्या दिवशी गल्लीत क्रिकेट खेळत असतं. पण ही चिठ्ठी गेली एका स्टेशन मास्तरच्या घरी. लेखी आदेश, त्यावर सही, आणि आदेश कधी संपतो त्याची तारीख नाही. अशा आदेशाचं रेल्वेत जे होतं तेच झालं. तो अमलात आला.

"आणि पाणी?" मी घाबरत विचारलं.

आजींनी देवघरातली पळी दाखवली. दर तासाला चार पळ्या.

खाली शर्माजींच्या व्हॅनमध्ये गार्गीला आडवं ठेवून आम्ही निघालो. मी मागे तिच्याजवळ बसले आणि रस्ताभर तिचे श्वास मोजत राहिले. मला त्या पोरीची काळजी वाटत होती आणि स्वतःची लाज वाटत होती. गार्गी मात्र खिडकीतून बाहेर बघत होती. जवळजवळ महिन्याने ती घराबाहेर पडली होती.

नर्सिंग होममध्ये व्याससाहेब स्वतः टेप घेऊन उभे होते. त्यांनी दोन्ही पोटऱ्या मोजल्या. परत मोजल्या. चष्मा पुसला.

"हेपारिन है स्टॉक में?" त्यांनी नर्सला विचारलं.

"है सर."

"मैडम जैसा बोलें, चालू करो." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आपने कहा था दोनों को हो सकता है. मेरा भी नाप लेंगी?"

त्यांचा घेतला. दोन्ही बेचाळीस. पण पाय सारखे निघाले तरी पुढे महिनाभर साहेब जिना चढून वर येत होते, लिफ्ट असताना.

हेपारिन म्हणजे रक्त आणखी साकळू न देणारं औषध. ते आहे ती गुठळी विरघळवत नाही, ती वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर हळूहळू आपणच करतं. सलाइनमधून ते चालू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार्गीला इंदूरला नेलं, कारण कलर डॉपलर तेव्हा आमच्याकडे नव्हतं. ही सोनोग्राफीचीच एक तऱ्हा. शिरांतून वाहणारं रक्त पडद्यावर लाल आणि निळं दिसतं. गार्गीच्या उजव्या मांडीत छान निळं वाहत होतं. डाव्या मांडीत एका जागी कुठलाच रंग नव्हता. काळं.

आबा माझ्या मागे उभे होते. त्यांना पडद्यातलं काही कळत नसणार असं मला वाटलं.

"ब्लॉक," ते एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

पाच-सहा दिवसांनी सलाइन कमी करून वॉरफरिनच्या गोळ्या सुरू केल्या. काम तेच, फक्त तोंडाने घ्यायचं आणि कित्येक महिने. रक्त किती पातळ झालंय ते तपासत राहायचं, पालेभाज्या रोज साधारण सारख्या खायच्या, कारण त्यांनी गोळीचा असर कमी-जास्त होतो. धाकट्या काकांनी कुठूनतरी माहिती आणली आणि संध्याकाळी सगळं घर माझ्यापुढे उभं राहिलं.

"डॉक्टरबाई," आबा घसा साफ करून म्हणाले, "हे औषध उंदीर मारायला वापरतात, असं हा म्हणतो."

"खरं आहे. त्याच जातीचं आहे. उंदराला रक्तस्राव होईल इतकं देतात. गार्गीला मोजून देणार, आणि रक्त तपासत राहणार. हिरड्यांतून रक्त आलं, लघवी लाल झाली, डोक्याला मार लागला, तर लगेच इकडे आणायचं."

आजींना ते आवडलं नाही. गार्गीला मात्र फारच आवडलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगे, "मी उंदराचं औषध खाते," आणि समोरच्याचा चेहरा बघत बसे. आबांनी पालकाची जुडी वजन करून देणारा एक भाजीवाला शोधून काढला. जुडी जास्त भरली तर ते दोन पानं परत करत.

आता तिला चालवायचं होतं. औषध लागू पडलं होतं, सूज उतरायला लागली होती. सहाव्या दिवशी मी म्हटलं, "चल गार्गी, दारापर्यंत जाऊन येऊ."

"नाही," गार्गी म्हणाली. "कम्प्लीट बेड रेस्ट आहे."

"मीच सांगतेय, आता उठायचं."

"लिहून दिलंय. घरी टांगलंय. आबा म्हणतात लेखी आदेश तोंडी रद्द होत नाही."

मी आबांकडे बघितलं. आबा अवघडून म्हणाले, "नियम तसा आहे खरा."

मी आईला घरी पाठवून ती चिठ्ठी आणवली. सगळ्यांसमोर फाडणार होते. दोन्ही हातांनी जोर लावला, पण प्लास्टिक फाटेना. व्याससाहेबांनी लावला, हाडांचे डॉक्टर असून त्यांनाही जमेना. गार्गी पलंगावरून आनंदाने बघत होती. माझी इतकी टिकाऊ चूक मी पहिल्यांदाच बघत होते. शेवटी साहेबांनी ऑपरेशन थिएटरमधून प्लास्टर कापायची कात्री मागवली आणि चिठ्ठीचे दोन तुकडे केले. मी कोऱ्या कागदावर लिहिलं, आजपासून दर दोन तासांनी चालणे, पाणी तहानेप्रमाणे ग्लासने, खुर्ची बंद. सही केली. आबांनी तारीख आणि वेळ घालायला लावली.

आदेश हातात पडल्यावर आबा बदलले. अर्ध्या तासात नवं वेळापत्रक तयार. गार्गीची पहिली फेरी दहा वाजून पाच, पलंग ते दार. दुसरी बारा पाच, दार ते पाण्याचा माठ. पहिल्या फेरीला तिने काकांच्या खांद्यावर भार टाकला, रडली, पाय जड आहे म्हणाली. महिनाभर न वापरलेले पाय, दोन्हींतलं बळ गेलं होतं. आबा पुढे उलट्या पावलांनी चालत होते, हात पुढे करून, ती पडली तर धरायला. दहा पावलं झाली. अकराव्याला तिने काकांचा खांदा सोडला. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि नर्सपुढे ते दाखवायचं नव्हतं.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी पहलवान भेटायला आला. गार्गीच्या डोक्यावर हात ठेवला, पायाकडे बघितलंही नाही. मग मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाला, "मैडम, मुझे पहचानना सिखा दो. मेरे पास तो रोज़ पैर आते हैं."

मी त्याला दाखवलं. आधी दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी बघायचे. एकच सुजलाय का, गरम आहे का, रंग बदललाय का. बरेच दिवस पडून असलेलं मूल आहे का, ऑपरेशन झालंय, मोठा आजार आहे, उलट्या-जुलाबांनी कोरडं पडलंय का. तान्ह्या बाळाचा सलाइन लावलेला हात किंवा पाय सुजला तरी तोच संशय. छातीत दुखून अचानक धाप लागली तर एक मिनिटही थांबायचं नाही. यातलं काही असलं तर मालिश नाही, सरळ हॉस्पिटल. त्याने सगळं दोनदा म्हणून पाठ केलं. पुढच्या काही वर्षांत त्याने माझ्याकडे बरेच पाय पाठवले. एक खरोखर गुठळीचा निघाला, पंचावन्न वर्षांच्या हलवायाचा. मी लहान मुलांची डॉक्टर आहे हे पहलवानाने शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही.

सहा महिन्यांनी डॉपलरमध्ये डावी मांडीही निळी दिसली. गोळ्या बंद केल्या. संध्याकाळी तो पाय किंचित जड वाटतो, एवढीच खूण राहिली. त्या दिवशी आबा ओपीडीत एकटेच मागे थांबले. वही आणली नव्हती.

"डॉक्टरबाई, खरं सांगा. माझ्या सरासरीने पोर गेली असती ना?"

"आबा, तुमच्या वहीने ती वाचली. दोन्ही पाय वेगळे मोजणारा दुसरा एकही पालक माझ्याकडे नव्हता. तिला महिनाभर झोपवलं ते मी."

आबा म्हणाले, "म्हणजे चूक दोघांची. अर्धी अर्धी."

मी त्यांना अडवलं नाही. हिशेब चुकीचाच होता, माझा वाटा मोठा होता. पण म्हाताऱ्याला त्या वाटणीने बरं वाटत होतं.

त्यानंतर मी मुलांच्या चिठ्ठीवर नुसतं 'विश्रांती' कधी लिहिलं नाही. किती दिवस ते लिहिते, आणि त्याखाली लिहिते, घरात चालणे, रोज चार वेळा. जे मूल उठूच शकत नाही, त्याच्यासाठी पलंगावरच पावलं हलवायचा व्यायाम लिहिते. लोकांना ते रुचत नाही. मूल आजारी म्हणजे त्याला निजवायचं, हे आपल्याकडे मायेचं काम असतं. मागे एक आई चिठ्ठी वाचून भडकली. तिच्या मुलाला टायफॉइड होता.

"तुम्ही कसल्या डॉक्टर?" ती म्हणाली. "आजारी पोराला धड झोपूसुद्धा देत नाही."

"हो," मी म्हटलं.